निर्लेखन समित्यांना खुले पत्र : जुने संगणक वजनकाट्यावर चढवण्यापूर्वी

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, निर्लेखन समिती,
राज्यातील सर्व शाळा, महाविद्यालये, तंत्रनिकेतने, ग्रंथालये व सार्वजनिक संस्था

विषय : १९९५ पूर्वी खरेदी केलेले वैयक्तिक संगणक, त्यांच्या फ्लॉप्या व पुस्तिका निर्लेखनाच्या वेळी वेगळ्या ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

डेडस्टॉक रजिस्टरमधून वस्तू कमी करण्याची शिफारस आपली समिती करते. त्या वेळी आपल्यासमोर जी यादी येते तिच्यात मोडकी बाके, जळालेले पंखे, गंजलेली कपाटे आणि संगणक हे सगळे एकाच शेऱ्याखाली बसवलेले असतात : ‘नादुरुस्त, वापरास अयोग्य’. त्यानंतर दरपत्रके मागवली जातात, वजनकाटा येतो आणि सर्वाधिक दर देणाऱ्याच्या टेम्पोत सगळा माल एकत्र चढतो. बाकांच्या आणि पंख्यांच्या बाबतीत या पद्धतीला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. साधारण १९८० ते १९९५ या काळात घेतलेल्या संगणकांच्या बाबतीत मात्र तिच्यात थोडा बदल करावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या बदलाला खर्च नाही, नवा शासन निर्णय लागत नाही आणि लेखापरीक्षणात अडचण येण्यासारखेही त्यात काही नाही.

मी आणि माझ्यासारखे काही जण जुने वैयक्तिक संगणक दुरुस्त करून चालू स्थितीत ठेवण्याचा छंद जोपासतो. आमच्यात निवृत्त अभियंते आहेत, एके काळी टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर आहेत, आणि ज्यांच्या जन्माआधी ही यंत्रे बाजारातून गेली असे विद्यार्थीही आहेत. यावर कोणाचे पोट चालत नाही. उलट मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एक चक्कर झाली की खिसा हलका होतो. आम्हाला हवी असलेली यंत्रे आज घरांमध्ये फारशी उरलेली नाहीत, कारण त्या काळात घरी संगणक असणारी कुटुंबेच थोडी होती. जी उरली आहेत ती बहुतांशी संस्थांच्या माळ्यांवर, प्रयोगशाळांच्या मागच्या खोल्यांत आणि जिन्याखालच्या अडगळीत आहेत, म्हणजेच आपल्या अखत्यारीत आहेत.

सर्वांत आधी एक तातडीची गोष्ट सांगतो, कारण ती एरवी कोणी सांगत नाही. संगणक खरोखर नादुरुस्त आहे की नाही हे ठरवण्यासाठी समितीसमोर तो एकदा चालू करून पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वायर शोधून आणली जाते, प्लग लावला जातो, बटण दाबले जाते. धूर येतो किंवा काहीच होत नाही, आणि शेरा लिहिला जातो. वीस-तीस वर्षे बंद असलेल्या यंत्राला असा थेट वीजपुरवठा देणे म्हणजे बऱ्याचदा त्या शेऱ्याला आपल्याच हातांनी खरे करणे असते. दुरुस्त होऊ शकले असते असे यंत्र त्या एका क्षणात कायमचे निकामी होऊ शकते.

याची कारणे यंत्रागणिक वेगळी आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीने बाजारात आणलेला बीबीसी मायक्रो घ्या. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट रॅम असलेले हे यंत्र बांधणीने दणकट होते, परंतु त्याच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात, मुख्य वीजवाहिनीवरचा विद्युत गोंगाट गाळण्यासाठी धातूचा थर दिलेल्या कागदाचे कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) वापरलेले असतात. त्यांच्या पारदर्शक पिवळसर आवरणाला वर्षानुवर्षांत बारीक तडे जातात, तड्यांतून हवेतली ओल आत शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत त्यातून दाट, घाणेरड्या वासाचा धूर निघतो. गंमत अशी की या कॅपॅसिटरशिवायही संगणक चालत राहतो. खोलीत मात्र धावपळ उडते, प्लग काढला जातो आणि ‘जळाला’ असा शेरा पडतो. वास्तविक त्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा, सुरक्षा-मानांकन असलेला नवा कॅपॅसिटर बसवणे हे तासाभराचे काम आहे आणि त्याचा खर्च चहा-बिस्किटांपेक्षा फार नाही.

१९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या छोट्या घरगुती संगणकाची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याच्या अडॅप्टरचा जोड ९ व्होल्टचा असतो आणि त्याचा मधला भाग ऋण असतो, तर आज कोणत्याही खणात सापडणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांचा मधला भाग धन असतो. हाताला लागला तो अडॅप्टर खुपसला की आतला वीजपुरवठ्याचा भाग जातो; आणि त्यातला उणे ५ व्होल्टचा पुरवठा बिघडला की त्यावर अवलंबून असलेल्या ४११६ क्रमांकाच्या रॅमच्या आयसीही (चिपही) पाठोपाठ जातात. आयबीएम पीसी आणि त्याच्या धाटणीच्या देशी यंत्रांत टँटलमचे थेंबासारखे छोटे कॅपॅसिटर असतात. त्यांतला १२ व्होल्टच्या रेषेवरचा एखादा आतून शॉर्ट झालेला असेल तर एसएमपीएस स्वतःचे रक्षण करण्यासाठी सुरूच होत नाही. बघणाऱ्याला यंत्र संपूर्ण मृत वाटते. प्रत्यक्षात दोष वाटाण्याएवढ्या एका भागात असतो आणि तो नुसता कापून टाकला तरी अनेकदा यंत्र उठून बसते.

आमच्या कामाची पद्धत म्हणून उलट्या दिशेने जाते. आधी कॅबिनेट उघडून धूळ, गंज, सुटलेल्या वायरी आणि उंदरांनी केलेला संसार पाहायचा. एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवून, त्याला वेगळा भार जोडून, सिरीज दिव्यातून, म्हणजे वाटेत जोडलेल्या बल्बमधून, वीज द्यायची; दिवा भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे हे कळते आणि नुकसान होत नाही. सगळे व्होल्टेज मल्टिमीटरवर योग्य आले की मगच बोर्ड जोडायचा. सॉकेटमध्ये बसवलेल्या आयसी एकेक करून उचलून, पाय स्वच्छ करून पुन्हा बसवायच्या, कारण वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने त्या सॉकेटमधून किंचित वर सरकलेल्या असतात. ही सगळी दिरंगाई वाटते; परंतु निर्लेखनाच्या यादीतून आलेल्या यंत्रांच्या बाबतीत ‘नादुरुस्त’ या शेऱ्याला फारसा अर्थ नसतो असे माझे मत या पद्धतीनेच बनले आहे.

चालू करून पाहण्याऐवजी आपण एक काम करू शकलात तर ते अनमोल ठरेल. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या २८६, ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या मदरबोर्डांवर, बहुधा कीबोर्डच्या जोडाजवळ, एक निळे किंवा हिरवे, बोटाच्या पेरासारखे नळकांडे डाग देऊन बसवलेले असते. ही ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची रिचार्ज होणारी बॅटरी असून तारीख-वेळ आणि जुळवणीच्या नोंदी टिकवणे हे तिचे काम. यंत्र कितीही वर्षे बंद असले तरी ती आतून झरत राहते. तिच्यातला अल्कधर्मी द्रव तांब्याच्या रेषा खातो, त्या रेषांच्या भोकांमधून बोर्डाच्या आतल्या थरांत उतरतो, आणि बोर्ड उभा ठेवलेला असेल तर गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळत कार्डे बसवायच्या खाचांपर्यंत पोहोचतो.

मागच्या वर्षी एका महाविद्यालयातून आलेला ३८६ उघडला तेव्हा बॅटरीच्या टोकांवर निळसर-पांढरा भुगा जमला होता आणि तिच्याखालचा हिरवा रंग काळपट पडून फुगला होता. नखाने खरवडल्यावर वार्निशची पापडी सुटली आणि खाली तांब्याच्या तेरा समांतर रेषांपैकी निम्म्या मधेच तुटलेल्या दिसल्या. कीबोर्ड कंट्रोलरच्या आयसीचे चार पाय सॉकेटमध्येच मोडून राहिले. बॅटरी कापून काढली, पांढऱ्या व्हिनेगरने तो भाग पुसला म्हणजे अल्कली शमते, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले. रेषा कुठून कुठे जातात ते मल्टिमीटरच्या आवाजावर शोधत, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला वापरतात तसली बारीक एनॅमलची तार प्रत्येक तुटलेल्या रेषेवरून ओढून डाग दिले. यंत्र चालू झाले. परंतु तो बोर्ड आणखी दोन पावसाळे तसाच पडून राहिला असता तर त्याच्यावर करण्यासारखे काही उरले नसते. एखाद्या प्रयोगशाळा सहायकाने कधीतरी पक्कड घेऊन त्या बॅटरीचे पाय कापले असते तर हे सगळे श्रम वाचले असते. म्हणून विनंती आहे की यादी करतानाच, विजेचा संबंध न येऊ देता, अशा बॅटऱ्यांचे पाय कापून त्या काढाव्यात आणि कॅडमियमयुक्त असल्याने नेहमीच्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या साठवाव्यात. मॉनिटर मात्र कृपया कोणी उघडू नये. त्याच्या काचनळीत बंद असतानाही धोकादायक व्होल्टेज साठून राहू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढा खटाटोप कशासाठी? परदेशात असे छंद जोपासणाऱ्यांना संस्थांचा आधार आहे. इंग्लंडमध्ये १९८९ साली सायन्स म्युझियम आणि ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी यांनी मिळून संगणक संवर्धनासाठी एक संस्थाच स्थापन केली आणि ब्लेचली पार्कमध्ये चालू यंत्रांचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. तिथल्या लोकप्रिय यंत्रांची चिंता करण्याची आपल्याला गरज नाही. कमोडोर ६४ हा घरगुती संगणक एक कोटीहून अधिक विकला गेला; त्याचा प्रत्येक सर्किट-नकाशा, प्रत्येक आयसीचा पर्याय, कीबोर्डची प्रत्येक कळ आज मागवता येते. आपल्याकडे बनलेल्या यंत्रांची स्थिती याच्या उलट आहे.

आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतल्यानंतर आणि विशेषतः नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केल्यानंतर, एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा अनेक कंपन्यांनी येथे वैयक्तिक संगणक बनवले किंवा जुळवले. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याच घराण्यातले यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने देशात बनवले. १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लसची परवान्याखालची भारतीय आवृत्ती आणली. ज्या शिक्षकांनी तेव्हा प्रशिक्षण घेतले ते आता निवृत्त झाले आहेत आणि ज्या मुलांनी त्या पडद्यावर बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली आयुष्यातली पहिली ओळ लिहिली ती पन्नाशीकडे झुकली आहेत. या देशी यंत्रांच्या बोर्डांत मूळ परदेशी आराखड्यापेक्षा काय बदलले, कोणत्या आयसी येथे मिळत नव्हत्या म्हणून दुसऱ्या बसवल्या, रॉममध्ये (कायमस्वरूपी प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपमध्ये) काय फेरफार केले, हे सांगणारी कागदपत्रे सार्वजनिकरीत्या जवळजवळ उपलब्ध नाहीत. कंपन्या बंद झाल्या, काहींनी हा धंदाच सोडला. आता त्या आराखड्याचा एकमेव पुरावा म्हणजे ते यंत्रच. ते वितळवले की पुरावाही वितळला.

त्यातही महाराष्ट्राचा, म्हणजे मराठीचा, एक स्वतंत्र हिस्सा आहे आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये ज्याची सुरुवात झाली होती ते जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढले. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आयएसए खाचेत, म्हणजे त्या काळातल्या जोडकार्डांच्या खाचेत, बसवायचे कार्ड होते. ते बसवले की डॉसवर चालणाऱ्या, केवळ इंग्रजीचा विचार करून लिहिलेल्या वर्ड प्रोसेसरमध्ये किंवा डेटाबेसमध्येही देवनागरी टंकता येई. त्याच्या मागची इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. नंतर विंडोजवर श्रीलिपी, आकृती यांसारखी पॅकेजे आली, ज्यांच्या फॉन्टचे संकेत प्रत्येकाचे निराळे होते. आपल्या संस्थेचे वार्षिकांक, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, ग्रंथालयाची सूची, एखाद्या प्राध्यापकाने गोळा केलेली बोलीभाषेतली सामग्री यांपैकी काहीतरी त्या काळात अशा पद्धतीने फ्लॉपीवर उतरले असण्याची शक्यता आहे. ते वाचायचे तर निदान एकदा तरी ते कार्ड, ती खाच असलेले यंत्र आणि ते सॉफ्टवेअर एकत्र यावे लागते, कारण आजच्या संगणकात आयएसए खाच नसते आणि डॉसचे खेळ उत्तम चालवणारे इम्युलेटर (जुन्या संगणकाचे सोंग घेणारी सॉफ्टवेअर) या कार्डाची नक्कल करत नाहीत. त्या काळातल्या टंकन-पॅकेजांबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉकही पुष्कळदा येत असे; ते लावल्याशिवाय पॅकेज चालत नसे. बोटभर लांबीचा, दोन्ही बाजूंना पिना-भोके असलेला तो ठोकळा कोणालाच ओळखू येत नाही आणि सगळ्यांत आधी तोच कचऱ्यात जातो. कॅबिनेटच्या मागे लटकलेला असा ठोकळा दिसला तर तो तिथेच चिकटपट्टीने बांधून ठेवावा.

फ्लॉप्यांबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, आणि खरे तर पश्चिम महाराष्ट्रातल्या बंद कपाटांतही, सव्वापाच इंची फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी येते. मधल्या लांबट खिडकीतून पाहिले तर पांढुरके ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी वाचक-शीर्षावर खरवडली जाते, चुंबकीय थर निघून येतो आणि त्याच ड्राइव्हमध्ये नंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतात. ‘चालते का बघू’ म्हणून गठ्ठ्यातल्या दहा फ्लॉप्या एकामागून एक घालणारा उत्साही कारकून मी पाहिला आहे. त्याचा हेतू अत्यंत चांगला होता. आम्ही फ्लॉपीचे आवरण एका कडेने कापतो, चकती बाहेर काढून सौम्य साबणाच्या पाण्याने आणि डिस्टिल्ड पाण्याने धुतो, सावलीत वाळवतो आणि दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालून एकदाच वाचतो. वाचण्यासाठी ग्रीजवीझलसारखे छोटे बोर्ड जुन्या ड्राइव्हला यूएसबीने आजच्या संगणकाशी जोडते आणि फाइलींच्या भानगडीत न पडता चकतीवरचे चुंबकीय बदलच टिपून ठेवते. अर्थ लावण्याचे काम नंतर सवडीने करता येते. यातून निघालेला मजकूर आपल्या संस्थेचा आहे आणि तो पेन ड्राइव्हवर आपल्याकडे परत येईल.

आपल्या मनात येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही रास्त आहेत. पहिला, गोपनीयतेचा. हार्ड डिस्कवर विद्यार्थ्यांचे गुण, कर्मचाऱ्यांचे पगार, पत्ते असू शकतात. त्यावर आमचे उत्तर सोपे आहे : हार्ड डिस्क आपणच ठेवावी. त्या काळातल्या २० मेगाबाइटच्या, एमएफएम या जुन्या प्रकारच्या डिस्क जमवणाऱ्याला प्रिय असतात हे खरे, त्यांचा चालू होतानाचा आवाज ऐकण्यासाठी लोक जिवाचे रान करतात, परंतु त्यांच्यावाचून अडत नाही. एक्सटी-आयडीई नावाचे कार्ड बसवून साध्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावरून संगणक सुरू करता येतो, आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक नावाचे, फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारे उपकरण बसवले की पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या फ्लॉप्यांच्या प्रतींवर काम भागते. डिस्क नष्ट करायची असेल तर ती कॅबिनेटमधून स्क्रू काढून वेगळी करावी आणि मग नष्ट करावी. संपूर्ण यंत्रावर हातोडा चालवण्याची आवश्यकता नाही. हे लिहावे लागते याचे कारण तसे घडलेले मी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप ई-कचऱ्याच्या नियमांचा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये उत्पादकांबरोबरच रिसायकलर आणि रिफर्बिशर (जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे) यांच्या नोंदणीची तरतूद आहे. छांदिष्टाला त्यात वेगळी जागा नाही. तथापि नियमांतली ई-कचऱ्याची व्याख्या टाकाऊ म्हणून टाकून दिलेल्या उपकरणाची आहे. जी वस्तू टाकलीच नाही, जी अभ्यासासाठी व जतनासाठी चालू करण्याच्या हेतूने लेखी करारावर दुसऱ्याकडे सोपवली, ती त्या व्याख्येत बसत नाही असे माझे वाचन आहे. मी कायद्याचा जाणकार नाही. आपल्या लेखाधिकाऱ्यांचे मत अवश्य घ्यावे. त्यांना ते पटले नाही तर यंत्र निर्लेखित न करता संस्थेच्याच प्रदर्शन-साहित्यात वर्ग करावे आणि आम्हाला फक्त दुरुस्तीसाठी द्यावे. आम्ही ते दुरुस्त करून परत आणून ठेवू. मालकी कोणाची यावर आमचे अडलेले नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. लिलावात भंगाराचा जो सर्वोच्च दर येईल त्याच दराने, त्याच वजनाला, आम्ही रक्कम भरून पावती घेऊ. संस्थेचे नुकसान होणार नाही.

चौथा आक्षेप आपण कदाचित सौजन्यापोटी बोलून दाखवणार नाही, म्हणून मीच मांडतो : ही मंडळी यंत्रे नेतील आणि परदेशी ग्राहकाला विकतील. असे होते. आमच्या छंदात साठेबाज आहेत, तीन यंत्रांचे भाग काढून एक चमकदार यंत्र बनवणारे आणि उरलेल्या दोघांचे सांगाडे फेकणारे आहेत, आणि पिवळे पडलेले प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात इतके पांढरे करणारे आहेत की ते ठिसूळ होऊन कोपरे तुटतात. माझ्या मते पिवळेपणा हा दोष मानूच नये. त्या रंगाने यंत्राच्या कामात काहीही बिघडत नाही. म्हणून करार असावा : पाच वर्षे विक्री नाही, परदेशी पाठवणी नाही, काढलेल्या प्रत्येक भागाची आणि बदललेल्या प्रत्येक कॅपॅसिटरची लेखी नोंद, आणि संस्थेने मागितल्यास यंत्र दाखवण्याची बांधिलकी. ज्याला ही अट जाचते त्याला यंत्र देऊ नये.

सगळेच वाचवा असा आग्रह आम्ही धरत नाही, हेही नमूद करतो. २००० नंतरचे पांढरट टॉवर, विशेषतः पेंटियम ४ च्या काळातले ज्यांच्या बोर्डांवरचे कॅपॅसिटर माथ्यावर फुगून फुटलेले असतात, ते अजून मुबलक आहेत. ते खुशाल नोंदणीकृत रिसायकलरकडे जाऊ द्यावेत. प्रत्येक जुना रंगीत मॉनिटरही ठेवण्यासारखा नसतो. त्याच्या काचेत शिसे असते आणि जागा तर तो फारच खातो. याउलट एकरंगी हिरवे किंवा पिवळसर मॉनिटर, भारतीय कंपनीचे नाव असलेली कोणतीही कॅबिनेट, कीबोर्ड आणि संगणक एकाच पेटीत असलेली यंत्रे, लांबलचक आयएसए कार्डे आणि कॅसेटवरचे प्रोग्रॅम हे दिसले की थांबावे. शंका असेल तेव्हा छायाचित्र काढावे.

यंत्राइतकेच, कधी कधी त्याहूनही अधिक, महत्त्व त्याच्या कागदांना आहे. रिंग फाइलमधल्या पुस्तिका, हमीपत्रे, देखभाल कराराच्या भेटींचे कागद, प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेल्या सूचना हे सगळे रद्दीत जाते, कारण ते डेडस्टॉकमध्ये नोंदलेलेच नसते. आणि डेडस्टॉक रजिस्टर स्वतः तर फारच बोलके आहे. खरेदीची तारीख, पुरवठादाराचे नाव, तेव्हाची किंमत, यंत्राचा अनुक्रमांक, कोणत्या अनुदानातून घेतले, कधी कोणत्या विभागात हलवले : एखाद्या संग्रहालयाने वस्तूच्या इतिहासासाठी जेवढे विचारले असते तेवढे सगळे आपल्या कारकुनाने चाळीस वर्षांपूर्वी शाईने लिहून ठेवले आहे. परदेशातल्या बहुतेक जुन्या यंत्रांना असा जन्मदाखला नसतो. म्हणून यंत्र कोणाच्याही हाती द्या, त्या पानाची साक्षांकित छायाप्रत त्याच्यासोबत द्या. शक्य असल्यास त्या काळातल्या प्रयोगशाळा सहायकांचा किंवा संगणक शिक्षकांचा, त्यांची संमती घेऊन, संपर्कही कळवावा. कोणती कळ दाबून धरली की यंत्र सुरू होई, कोणते यंत्र पहिल्यापासून हट्टी होते, हे त्यांना अजून आठवत असते आणि ते कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही.

प्रत्यक्ष कार्यवाही म्हणून एवढेच सुचवतो. निर्लेखनाच्या यादीत संगणकांसाठी ‘खरेदीचे वर्ष’ हा एक रकाना वाढवावा. १९९५ पूर्वीचे वर्ष आले तर ती वस्तू इतर भंगारातून वेगळी काढून, वीज न लावता, कोरड्या जागी जमिनीपासून थोडी उंचावर ठेवावी आणि छायाचित्रांसह तिची सूचना संस्थेच्या फलकावर व संकेतस्थळावर एक महिना लावावी. त्या महिन्यात दुसऱ्या शैक्षणिक संस्थेने मागणी केली तर तिला प्राधान्य द्यावे, नंतर व्यक्तींचा विचार करावा. कोणीच आले नाही तर पुढची नेहमीची प्रक्रिया आहेच.

त्याच्या बदल्यात आम्ही काय देऊ शकतो हे विचारणे योग्य ठरेल. ज्या संस्थेकडून तीन किंवा अधिक यंत्रे येतील तिला त्यांतले एक, दुरुस्त केलेले, संस्थेच्याच दालनात ठेवण्यासाठी परत देण्याची आमची तयारी आहे. वर्षातून एकदा येऊन आम्ही त्याची देखभाल करू. विद्यार्थ्यांसमोर कॅबिनेट उघडून प्रोसेसर, रॅम, रॉम आणि घड्याळाचा स्फटिक हे सगळे बोटाने दाखवू, कारण या यंत्रांत ते अजून डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविका वर्गाला दुरुस्तीचे प्रात्यक्षिक हवे असेल तर तेही करू. मोबाइलच्या दुरुस्तीत आता बहुतांशी संपूर्ण बोर्ड बदलला जातो. एका आयसीपर्यंत दोष शोधत जाण्याचा सराव विद्यार्थ्याला मिळावा अशी जागा फार उरलेली नाही.

बहुतेक संस्थांमध्ये साठ्याची पडताळणी आणि निर्लेखनाची लगबग मार्चअखेरीस असते. त्यापूर्वीच्या आपल्या बैठकीत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि रकाना वाढवण्याचा निर्णय इतिवृत्तात नोंदवावा, ही विनंती. यादीतल्या एखाद्या वस्तूबद्दल तोवर प्रश्न असल्यास आपल्या भागातील छांदिष्टांपैकी कोणीही प्रत्यक्ष येऊन, विनामूल्य, पाहून सांगेल.

कळावे,

आपला नम्र,
जुन्या संगणकांचा एक छांदिष्ट,
पुणे